दुसरे भिंग घेण्यापूर्वी

दिल्लीच्या मयूर विहारातील हौशी छायाचित्रकार हिवाळ्यात कॅमेरा घेऊन निघाला, की त्याचे पाय सहजच ओखला पक्षी अभयारण्याकडे वळतात. १९९० साली घोषित झालेल्या या यमुनाकाठच्या पाणथळीत काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी पक्षी पोहत असतात. घरी येऊन पाहावे, तर चित्रात पक्ष्याऐवजी ठिपका! मग दुसऱ्या भिंगाचा ध्यास लागतो. वाचकहो, घरखर्चातून एवढी रक्कम काढण्यापूर्वी थोडा हिशेब करावा.

नवशिक्याच्या कॅमेऱ्यासोबत बहुधा १८-५५ मिलिमीटरचे भिंग येते. त्यातून ४० मीटरवरचा वारकरी चौकटीच्या रुंदीचा जेमतेम पंचेचाळिसावा भाग व्यापतो. ३०० मिलिमीटरच्या भिंगातून आठवा. मात्र लांब भिंगात हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो. म्हणून प्रकाशनाचा अवधी १/५०० सेकंदाहून अधिक नसावा.

सायंकाळी नदीकाठी मुलाबाळांची चित्रे घ्यायची असतील, तर गरज निराळी. ५० मिलिमीटरचे एफ १.८ भिंग एफ ५.६ च्या मानाने जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते.

मग निवड कशी करावी? आपलीच गेल्या तीन महिन्यांची चित्रे उघडून पाहा. प्रत्येक चित्राबरोबर कॅमेऱ्याने भिंगाचा आकडा नोंदलेला असतो. बहुतेक चित्रे ५५ वर अडली असतील, तर लांब भिंग घ्यावे. १८ वर अडली असतील, तर रुंद दृश्याचे. आकडे मध्येच विखुरलेले असतील, तर पैसे शिल्लक ठेवावेत आणि पक्ष्याच्या जवळ जाण्याचा धीर शिकावा.