यंत्र गप्प का आहे?

महाराष्ट्राच्या नकाशात लातूर जिल्ह्यातील औसा तालुका शोधा. त्याच्या दक्षिण भागात, तेरणा नदीजवळ, किल्लारी हे गाव दिसेल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटे चारला चार-पाच मिनिटे कमी असताना, येथे ६.२ महत्तेचा भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून लोक गाढ झोपले होते. जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरचे जड माळवद काही सेकंदांत कोसळले. त्याखाली हजारो माणसे गेली.

हा धक्का मुळीच अनपेक्षित होता असे नाही. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात किल्लारी परिसरात शंभराहून अधिक लहान धक्के जाणवले होते. पण हे धक्के नेमके कोणत्या ठिकाणाहून, किती खोलीवरून येत होते, हे तपशिलाने सांगणारे कायमचे यंत्रजाळे जवळपास नव्हते. हैदराबादची वेधशाळा तेथून सरळ रेषेत सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर, तर पुण्याची त्याहूनही दूर. मोठा भूकंप दूरच्या यंत्रालाही कळतो. लहान धक्का मात्र वाटेतच विरून जातो. दूरच्या खोलीतली कुजबूज आपल्याला ऐकू येत नाही, तसेच हे.

कोयनेला परिस्थिती वेगळी होती. १९६२ मध्ये धरणात पाणी साठू लागले आणि लहान धक्के जाणवू लागले, तेव्हा तेथे भूकंपमापक बसवण्यात आले. त्यामुळे डिसेंबर १९६७ च्या मोठ्या भूकंपाआधीच्या नोंदी शास्त्रज्ञांच्या हाती होत्या. पुढे धरणे आणि भूकंप यांचा संबंध अभ्यासताना जगभर त्यांचा उपयोग झाला.

किल्लारीला यंत्रे पोचली ती भूकंपानंतर. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि जर्मन शास्त्रज्ञांनी तेथे फिरती यंत्रे मांडून नंतरचे धक्के नोंदवले. संस्थेने पुढे किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्रही घेतले. वरचा काळा कातळ ३३८ मीटर जाडीचा निघाला. त्याखाली गाळाच्या खडकाचा जेमतेम ८ मीटरांचा थर होता आणि त्याखाली अतिप्राचीन स्फटिकी खडक.

आता प्रश्न असा, की अशी यंत्रे मांडायची कशी? केवळ यंत्र विकत आणून जमिनीवर ठेवले की काम झाले असे नाही. चार गोष्टी आधी ठरवाव्या लागतात.

काय मोजायचे?

जमीन वर-खाली, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशी तिन्ही प्रकारे हलते. म्हणून प्रत्येक केंद्रावर या तीन दिशांची वेगवेगळी नोंद घेतात. भूकंपाच्या प्राथमिक लहरी वेगवान असतात. कठीण खडकातून त्या सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर जातात. दुय्यम लहरी त्यांच्या मागून, सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने येतात. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून ऐकू येतो, त्या दोहोंमधील वेळेवरून वीज किती दूर पडली याचा आपण अंदाज करतो. येथेही तसेच. दोन लहरींमधील अंतर सेकंदांत मोजा आणि त्याला साधारण ८ ने गुणा. भूकंप किती किलोमीटरवर झाला ते कळते.

किती वेळा मोजायचे?

जवळच्या भूकंपात जमीन एका सेकंदात दहा-वीस वेळाही कंप पावते. सेकंदाला एकदाच मोजले, तर सारे कंप दोन मोजण्यांच्या फटीतून निसटून जातील. म्हणून अशी यंत्रे बहुधा सेकंदाला शंभर वेळा मोजतात. आता हिशेब करा. शंभर मोजण्या, तीन दिशा आणि दिवसाचे ८६,४०० सेकंद. एका केंद्राच्या एका दिवसाच्या नोंदी होतात २ कोटी ५९ लाख २० हजार! एवढ्या नोंदी माणूस डोळ्यांखालून घालू शकत नाही.

यासाठी संगणकाला एक सोपी युक्ती शिकवतात. तो शेवटच्या एका सेकंदातील हालचालीची सरासरी काढतो आणि मागच्या अर्ध्या मिनिटाच्या सरासरीशी तिची तुलना करतो. पहिली एकदम कितीतरी पट वाढली, की तो खूण करतो. पण एस. टी. बस शेजारून गेली तरी असेच होईल. मग? बस एकाच केंद्राला हलवते, भूकंप अनेक केंद्रांना. काही सेकंदांच्या आत तीन-चार केंद्रांनी खूण केली, तरच तो भूकंप असण्याचा संभव धरतात.

घड्याळ कोणाचे?

समजा, एका केंद्राचे घड्याळ एक सेकंद पुढे आहे. प्राथमिक लहर सेकंदाला ६ किलोमीटर जाते, म्हणून लहर पोचण्याच्या वेळेवरून केंद्रबिंदू काढताना तेवढ्याने सहा किलोमीटरची चूक शिरेल. सहा किलोमीटरांत गावच बदलते. म्हणून सगळी केंद्रे कृत्रिम उपग्रहांकडून येणाऱ्या वेळेशी आपली घड्याळे सतत जुळवून घेतात.

नोंद ठेवायची कोठे?

नोंद जेथे तयार होते तेथेच ठेवली, तर ज्या दिवशी तिची सर्वांत अधिक गरज त्याच दिवशी ती ढिगाऱ्याखाली जाईल. म्हणून ती लगेच दूरच्या मुख्य केंद्राकडे पाठवतात. वाटेत संपर्क तुटला तर यंत्र नोंदी जवळ साठवून ठेवते आणि संपर्क येताच मागच्या नोंदी पाठवते. १९९३ नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने दक्षिण भारताच्या पठारावरील वेधशाळा नव्या अंकीय यंत्रांनी सुधारण्यात आल्या. आज देशभरातील दीडशेहून अधिक केंद्रांच्या नोंदी दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राकडे जातात.

शून्य आणि ‘नोंद नाही’

आता सर्वांत नाजूक गोष्ट. एखाद्या केंद्राकडून रात्रभर काहीच आले नाही. याचा अर्थ काय? जमीन शांत होती, की बॅटरी उतरली? की उंदराने तार कुरतडली? कागदावर दोन्ही सारखेच दिसते, पण अर्थ अगदी उलटा आहे. पहिली शांतता खरी, दुसरी फसवी.

म्हणून चांगले यंत्र जमिनीची बातमी देतेच, शिवाय स्वतःच्या प्रकृतीचीही देते. बॅटरीत किती दाब आहे, आतले तापमान किती, घड्याळ जुळलेले आहे का, साठवणीत जागा किती उरली, हे ते ठरावीक वेळाने कळवते. ही हजेरी चुकली, की मुख्य केंद्रात इशारा वाजतो. आणि हजेरी चुकलेल्या काळापुढे शून्य लिहायचे नसते. ‘नोंद नाही’ असे लिहायचे असते.

हा नियम केवळ भूकंपापुरता नाही. संगणकावर एखादा शब्द टाइप करून तुम्ही माहिती शोधता, तेव्हा उत्तर एका यंत्राकडून येत नाही. अनेक संगणकांचा ताफा काम वाटून घेतो. शोधसूचीचा एक तुकडा एकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे, आणि प्रत्येक तुकड्याची एक प्रत आणखी कोणाकडे. हा ताफा धडधाकट आहे ना, हे पाहण्यासाठी तेच चार प्रश्न पडतात. मोजायचे काय? उत्तराला लागलेला वेळ, उरलेली स्मृती, साठवणीतली जागा. किती वेळा? दर दहा-पंधरा सेकंदांनी. घड्याळे? सर्वांची जुळलेली. आणि नोंदी ठेवायच्या त्या ताफ्याबाहेरच्या संगणकावर, नाहीतर ताफ्याबरोबर त्याही बुडतील. एखादा संगणक गप्प झाला, तर त्याला काम नाही की तो बंद पडला, हे ओळखण्यासाठी येथेही हजेरीच लागते.

यंत्रांनी काय साधते?

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी भूकंप होईल, असे कोणतेही यंत्रजाळे आज सांगू शकत नाही. मग त्याचा उपयोग काय? कोणत्या भागात घरे किती मजबूत बांधायची हे अशा नोंदींवरून ठरते. धक्का बसल्यावर मदत कोठे पाठवायची हे काही मिनिटांत कळते. आणि अफवांना उत्तर मिळते. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी परिसरात जमिनीतून आवाज येऊ लागले, तेव्हा लोक घाबरून घराबाहेर झोपू लागले. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ महत्तेचा धक्का बसला. तो नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. किल्लारी ज्यांनी पाहिली त्यांच्या मनात अशा वेळी एकच प्रश्न येतो. त्याचे उत्तर भीतीने किंवा ऐकीव गोष्टींनी मिळत नाही, नोंदींनीच काही अंशी मिळते.

करून पाहा

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांचा प्रमाण दिलेला नकाशा घ्या. समजा, औसा, निलंगा आणि उमरगा येथे यंत्रे आहेत. एका धक्क्याच्या दोन लहरींमधील अंतर औशाला ३ सेकंद, निलंग्याला अडीच सेकंद आणि उमरग्याला ३ सेकंद आले. प्रत्येकाला ८ ने गुणा आणि कंपासने त्या-त्या गावाभोवती तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढा. तिन्ही वर्तुळे कोठे एकमेकांना छेदतात? तेथेच, जमिनीच्या पृष्ठभागावर, धक्क्याचे अपिकेंद्र असेल. वर्तुळे अगदी एका बिंदूत भेटली नाहीत तर गोंधळू नका. भूकंप जमिनीखाली काही किलोमीटरांवर होतो आणि ८ हा आकडाही स्थूल आहे.

मग उमरग्याचे वर्तुळ खोडून टाका आणि उरलेल्या दोघांवरून जागा सांगायचा प्रयत्न करा. एक यंत्र बंद पडले म्हणजे नेमके काय हरवते, हे तुमच्या लक्षात येईल.