शरीराबाहेरचं हृदय

३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्यातल्या एका मेंदूमृत दात्याचं हृदय विमानाने मुंबईत आलं आणि मोकळ्या ठेवलेल्या रस्त्याने मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात पोचलं. डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने ते बसवलं. मुंबईत त्याआधीचं हृदयरोपण १९६८ सालचं, केईएममधलं, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केलेलं. तो रुग्ण काही तासच जगला होता. ‘ग्रीन कॉरिडॉर’ हा शब्द आम्हां मुलुंडकरांच्या तोंडी बसला तो २०१५ पासून. सगळे रस्त्याबद्दल बोलत होते, मला मात्र पेटीतल्या हृदयाने छळलं. रक्त नाही, प्राणवायू नाही, मग ते तगतं कसं? आणि मुदत चारेक तासांचीच का? मी डॉक्टर नाही. जमेल तसं वाचत गेलो.

उत्तराची सुरुवात जर्मनीत, १८९५ साली सापडते. ऑस्कर लांगेनडॉर्फ यांनी मांजराचं हृदय काढून महाधमनीत नळी बसवली आणि द्रव उलट्या दिशेने, हृदयाकडे सोडला. त्या दाबाने महाधमनीची झडप मिटते, द्रवाला आत जायला वाट उरत नाही, आणि तो झडपेच्या वरून फुटणाऱ्या करोनरी धमन्यांत शिरतो. हृदयाचे स्नायू पोसले जातात आणि ते एकटंच, मेंदूविना, धडधडत राहतं.

द्रव कोणता, याचीही एक गंमत आहे. सिडनी रिंगर लंडनमध्ये बेडकाच्या हृदयावर काम करत होते. १८८२ मध्ये त्यांचं मिठाचं पाणी उत्तम चाललं. पुढे कळलं, ते पाणी नळाचं होतं. शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी घेतलं तर हृदय मंदावून थांबायचं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम काम करत होतं! चुकीतून लागलेले शोध मला नेहमीच जास्त खरे वाटतात.

लांगेनडॉर्फच्या मांडणीचा खरा फायदा असा, की हृदयाला काय द्यायचं आणि काय तोडायचं हे आपल्या हाती येतं. बाहेर पडलेला द्रव तपासला की हृदयाने काय खाल्लं, काय टाकलं तेही कळतं. निरोगी हृदय मुख्यतः मेदाम्लांवर चालतं, ग्लुकोजही वापरतं आणि रक्तातलं लॅक्टेटसुद्धा जाळतं. तीनेकशे ग्रॅमचा हा स्नायू दिवसाला अंदाजे सहा किलो एटीपी तयार करून खर्चतो. साठा मात्र काही सेकंदांपुरता. हातावर पोट असलेल्या माणसासारखं.

प्राणवायू तुटला की तंतुकणिकांमधलं ज्वलन थांबतं. उरतो ग्लुकोज अर्धवट फोडण्याचा मार्ग. एका ग्लुकोजमागे तिथे निव्वळ दोन एटीपी मिळतात. प्राणवायू असता तर तीसच्या आसपास मिळाले असते. लॅक्टेट खाणारं हृदय आता लॅक्टेट टाकू लागतं.

इथे मी बराच काळ गोंधळलो होतो. द्रव वाहता ठेवून त्यातला प्राणवायू काढणं आणि द्रवच बंद करणं, या दोन गोष्टी मी एकच समजत होतो. पहिल्या प्रकारात लॅक्टेट आणि आम्ल धुऊन जातं, त्यामुळे ग्लुकोज फोडणं जोरात चालू राहतं. दुसऱ्यात तेच आम्ल साचून ती शेवटची वाटही अडवतं. हृदयविकाराच्या झटक्यात धमनी तुंबते तेव्हा हे दुसरं घडतं. म्हणून नुसता प्राणवायूचा मुखवटा पुरत नाही, धमनी उघडावी लागते. उघडतानाही धोका असतोच. उपाशी हृदयाला एकदम प्राणवायू मिळाला की पेशींत कॅल्शियम लोटतं आणि काही पेशी त्याच क्षणी फाटतात. १९७० च्या दशकात डेव्हिड हर्स यांनी उंदराच्या वेगळ्या केलेल्या हृदयावर हे दाखवलं.

पेटीतल्या हृदयाचं कोडं इथे सुटलं. भरपूर पोटॅशियमच्या थंड द्रावणाने ते आधी सैलावलेल्या अवस्थेत थांबवतात. धडधडच थांबल्याने बराचसा खर्च वाचतो. मग बर्फ. तापमान दहा अंशांनी उतरलं की चयापचय साधारण निम्म्यावर येतो. निम्म्यावर, शून्यावर नव्हे. एटीपी झिरपत राहतं, आम्ल साचत राहतं, आणि चारेक तासांनंतर ते हृदय नव्या शरीरात नीट उचल घेईल याचा भरवसा कमी होत जातो. रस्ता मोकळा करायचा तो एवढ्यासाठी.

आता काही देशांत हृदय बर्फाशिवाय, पेटीतच धडधडत नेणारं यंत्र वापरतात. त्यात कोमट रक्त महाधमनीतून उलटं सोडलेलं असतं, म्हणजे मांडणी लांगेनडॉर्फचीच. वाटेत डॉक्टर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या रक्तातलं लॅक्टेट मोजत राहतात. बाहेर येणाऱ्यात ते कमी भरलं, तर हृदय ते खातं आहे.