हबशाचा मुलूख

सावद्याच्या रस्त्यावर संध्याकाळी केळीच्या घडांनी लादलेले ट्रक रांगेने उभे असतात, आणि त्या गलबल्यापासून थोडे दूर, वाचनालयाच्या बाकावर बसून आमच्याकडील मंडळी अजूनही ऐतिहासिक कादंबऱ्या मोठ्या आवडीने वाचतात. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’तील जंजिऱ्याची मोहीम वाचताना मला मात्र एक शंका कित्येक वर्षे छळीत आली आहे : जंजिऱ्याचा हा सिद्दी, हा हबशी, आला तरी कोठून? आमच्या कादंबऱ्यांनी त्याला तलवार दिली, आरमार दिले, क्रौर्य तर मुक्तहस्ताने दिले. पण आईबाप, गाव, नदी यांपैकी त्याच्या वाट्याला फारसे काही आले नाही.

‘हबश’ म्हणजे अबिसिनिया, आजचा इथिओपिया, एवढे शब्दकोशात मिळते. त्यापुढील मुलूख पाहण्यासाठी पूर्वी मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांचे उंबरठे झिजवावे लागत, ते काम आता खिशातील फोनवर होते. आरंभ मलिक अंबरापासून करावा, कारण तो एका अर्थी आमचा शेजारी. 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला चापू नावाचा हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादच्या वाटेने दख्खनेत आला, निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला, 1610 मध्ये त्याने खडकी, म्हणजे पुढील औरंगाबाद, वसविली. आणि 1620 मध्ये त्याच्या मराठा स्वारांनी मोगलांच्या बुऱ्हाणपुरास वेढा घातला. ते बुऱ्हाणपूर येथून रावेर ओलांडले की आलेच.

डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयाने आपली चित्रे संकेतस्थळावर मांडली आहेत, त्यांत अबुल हसन याने 1616 च्या सुमारास काढलेले एक चित्र अवश्य पाहावे. पृथ्वीच्या गोलावर उभा राहून जहांगीर बादशहा भाल्यावर टोचलेल्या अंबराच्या मस्तकावर बाण सोडीत आहे, आणि मस्तकावर घुबड बसले आहे. चित्र बोटांनी मोठे करीत गेले की दागिन्यांतले मोतीन् मोती दिसतात. परंतु घडलेले काहीच दिसत नाही, कारण अंबर त्यानंतर दहा वर्षे जिवंत होता आणि 1626 मध्ये जहांगिराच्या हाती न लागताच वारला! जहांगिराचे आत्मवृत्त इंटरनेट आर्काइव्हवर इंग्रजीत फुकट मिळते. त्यात अंबराचे नाव शिवीवाचून सहसा येत नाही, मात्र त्याच दरबारचा बखरकार मुतमद खान अंबराच्या मृत्यूनंतर त्याची मुक्तकंठाने स्तुती करतो.

न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग केंद्राने 2013 मध्ये भारतातील आफ्रिकनांवर भरविलेल्या प्रदर्शनाची सामग्रीही जालावर आहे. जंजिऱ्याचे संस्थान, जे 1948 पर्यंत टिकले, तेथे आपल्या जागी बसलेले दिसते. गुलामांच्या सफरींची प्रसिद्ध सूची शोधणाऱ्याने मात्र सावध राहावे, कारण तिचा मूळ भर अटलांटिक महासागरावर आहे आणि आमचा हबशी लाल समुद्राच्या वाटेने आलेला. त्याच्या घराचा थांग लागतो तो 1520 मध्ये इथिओपियात गेलेल्या पोर्तुगीज वकिलातीबरोबरच्या फ्रान्सिस्को आल्वारेस या पाद्र्याच्या वृत्तांतात. त्याचे 1881 चे इंग्रजी भाषांतर त्याच आर्काइव्हवर आहे. जुन्या ग्रंथांत देशाचे नाव अबिसिनिया असेच येते, तेव्हा शोधताना तेच लिहावे.

परवा बाकावर शेजारी बसलेले एक निवृत्त तलाठी माझ्या फोनमध्ये डोकावले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील, हाशिम याने काढलेले अंबराचे चित्र उघडे होते : शुभ्र जामा, काळा, गंभीर, वयस्कर चेहरा. ‘‘शेतसाऱ्याच्या मलिक अंबरी धाऱ्यातला अंबर तो हाच का हो?’’ त्यांनी विचारले, आणि हातातील कादंबरी उलटी ठेवून फोन आपल्याकडे घेतला.