छायाचित्रातील मजकुराचा तर्जुमा

परमुलखात औषधाच्या डबीवरील सूचनेचे एक अक्षरही लागू नये, आणि मोबाइलचा कॅमेरा तिच्यावर रोखताच तोच मजकूर त्याच जागी आपल्या भाषेत उमटावा, ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागील खटाटोप सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. २०१० साली ‘वर्ड लेन्स’ या अ‍ॅपने इंग्रजी व स्पॅनिश या भाषांपुरती ही किमया मोबाइलवर आणली. २०१४ साली गूगलने ते विकत घेतले आणि पुढील वर्षी आपल्या भाषांतरसेवेत सामावून घेतले.

यात भाषांतराचा क्रम दुसरा. पहिले काम वाचनाचे. छायाचित्रात अक्षरे कोठे आहेत हे हुडकून, तिरप्या ओळी सरळ करून, अक्षरे ओळखल्यावरच मजकूर भाषांतराकडे सोपविला जातो, आणि शेवटी मूळ अक्षरे पुसून तेथे नवी बसविली जातात. छापील रोमन अक्षरे सुटी असल्याने त्यांचे वाचन तुलनेने सोपे. देवनागरीत मात्र शिरोरेषा सारा शब्द एकत्र बांधते, वर रफार व अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे, अशी दाटी असल्यामुळे एकेक अक्षर कापून ओळखणाऱ्या जुन्या पद्धती येथे अडखळत. २०१८ साली आलेल्या ‘टेसरॅक्ट’ या अक्षरवाचक सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीसारख्या प्रणाली सबंध ओळ एकसंध वाचतात, त्यामुळे ही अडचण पुष्कळ कमी झाली.

तरीही धोका उरतोच. जुन्या खरेदीखतावर नेमका गट क्रमांकावरच शिक्का उमटलेला असावा आणि यंत्राने ९ हा १ वाचावा, म्हणजे भाषांतर व्याकरणशुद्ध, सफाईदार आणि जमीन मात्र भलत्याचीच! वाचनातील चूक भाषांतराच्या सफाईखाली दडते, हेच या साधनाचे खरे वैगुण्य होय. मोडी दस्तऐवजांची गोष्ट तर निराळीच; त्या लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ साली, आणि लेखणी न उचलता लिहिलेल्या त्या सलग ओळींत शब्द कोठे संपतो हे ठरविण्यास आजही जाणकारच लागतो.

म्हणून फलक, खाद्यपदार्थांची यादी, प्रवासातील सूचना यांसाठी हे साधन बेलाशक वापरावे; परंतु औषधाची मात्रा, रक्कम, तारीख आणि दस्तातील क्रमांक मूळ छायाचित्राशी स्वतः ताडून पाहावेत, आणि कोर्टकचेरीच्या कामी माहीतगार भाषांतरकाराकडूनच तर्जुमा करून घ्यावा.