कोतवालाचा नेम

मे महिन्यातली सकाळ. ताडोबाच्या तलावाकाठी उन्हे चढू लागलेली असतात. सागाच्या शेंड्यांवरून सर्पगरुड पंख पसरून निघतो, आणि एकाएकी त्याच्या पाठीवर काळा ठिपका कोसळतो. तो कोतवाल! वजन जेमतेम पन्नास ग्रॅम. पण फांदीच्या बेचक्यात त्याची पिले आहेत.

हे धाडस आंधळे मात्र नव्हे. गरुडाची चोच पुढे, नखे खाली. पाठीमागून, वरून येणाऱ्यावर ती चालत नाहीत; आणि त्या थोर पंखांना चटकन वळता येत नाही. कोतवाल नेमका तोच कोन साधतो.

लढाऊ वैमानिकही शत्रूची पाठ शोधतो. त्यामागे साधे गणित आहे. विमानाच्या तोफेचा गोळा सेकंदाला सुमारे ८०० मीटर जातो. शत्रू ४०० मीटरवर असेल तर गोळा पोचायला अर्धा सेकंद लागतो. ताशी ७२० किलोमीटर वेगाने आडवे जाणारे विमान तेवढ्यात १०० मीटर पुढे गेलेले असते! म्हणजे नेम धरायचा तो रिकाम्या आकाशावर. पाठीमागून गेले की ही अडचण पुष्कळशी सरते. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी बंगालच्या सीमेवर, बोयऱ्याच्या आकाशात, भारताच्या चिमुकल्या नॅट विमानांनी पाकिस्तानची थोराड सेबर विमाने पाडली. नॅट म्हणजे चिलट! गरुडामागे लागलेल्या कोतवालाचीच ही जात.

पण भक्ष्य आडवेच चालले असेल तर? उत्तर त्याच तलावावर आहे. पाण्यावर भिरभिरणारा चतुर माशीच्या मागे धावत नाही. माशी आपल्या नजरेत एकाच जागी स्थिर राहील असा उडतो. तसे झाले की दोघांची गाठ ठरलेलीच. बहिरी ससाण्याची रीतही याच्या जवळची. भक्ष्य नजरेत जितके सरकेल, त्या प्रमाणात तो वळतो. विमानांचा पाठलाग करणारी क्षेपणास्त्रे ज्या नियमाने चालतात, तोच नियम ससाणाही पाळतो, हे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले.

माणसाला त्यासाठी यंत्रे घडवावी लागली. पाखराला पोटाने आणि पिलांनी शिकवले.

गरुड दूर गेला की कोतवाल फांदीवर परततो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात त्याच्या शेजारी लहानसहान पाखरे निर्धास्त घरटी बांधतात. कोतवाल हे नाव त्याला उगीच पडलेले नाही!