जरबेराची फुलशेती

लग्नमंडपात आणि सत्काराच्या पुष्पगुच्छात आज हमखास दिसणारे जरबेरा हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतील. ट्रान्सवालमधील बार्बर्टन परिसरातून रॉबर्ट जेमसन यांनी पाठविलेल्या रोपांमुळे ते युरोपात पोहोचले. १८८९ मध्ये इंग्लंडमधील वनस्पतिविषयक नियतकालिकात त्याचे सचित्र वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे संकरातून त्याच्या नानारंगी जाती निर्माण झाल्या.

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यासह अनेक ठिकाणी हरितगृहांत ऊतिसंवर्धित रोपांपासून जरबेराची लागवड होते. ५.५ ते ६.५ सामूची, उत्तम निचऱ्याची माती त्यास मानवते. म्हणून उंच गादीवाफे केले जातात. लागवडीच्या वेळी पाने जेथून फुटतात तो भाग मातीच्या वर राहणे अत्यावश्यक असते. तो गाडला गेल्यास बुरशीमुळे रोप कुजते आणि महागड्या रोपांवरील खर्च वाया जातो. घरच्या वा शाळेच्या बागेतील कुंडीसही हाच नियम लागू आहे.

लागवडीनंतर सुमारे तीन महिन्यांनी फुले येऊ लागतात. मधल्या चकतीतील बाहेरच्या दोन ओळी उमलल्या, की दांडा न कापता हलका पीळ देऊन बुडापासून काढतात आणि लगेच स्वच्छ पाण्यात ठेवतात.

हे नाशवंत पीक समारंभांवर अवलंबून असते. २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद झाल्याने अनेक उत्पादकांना फुले फेकून द्यावी लागली. म्हणूनच हरितगृह उभारण्यापूर्वी बाजारपेठेचा अभ्यास करणे हिताचे ठरते.