भरतीच्या विजेचा हिशेब

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन वेळा भरती येते आणि दोन वेळा ओहोटी. या पाण्यासाठी कोणालाही किंमत मोजावी लागत नाही. शिवाय भरतीची वेळ कित्येक वर्षे आधी अचूक सांगता येते. असे असूनही भरतीच्या बळावर चालणारी मोठी वीजकेंद्रे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. याचे कारण यंत्रशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडते.

अशा योजनेत खाडीच्या मुखाशी बंधारा घालतात. भरतीचे पाणी दारांतून आत घेऊन अडवले जाते आणि समुद्राची पातळी पुरेशी उतरली की ते टर्बाइनमधून सोडले जाते. मिळणारी ऊर्जा जलाशयाच्या क्षेत्रफळावर, तसेच भरती व ओहोटी यांच्या पातळीतील फरकाच्या वर्गावर अवलंबून असते. हा फरक ८ मीटरऐवजी ४ मीटर असेल, तर तेवढ्याच जलाशयातून चौथा हिस्साच वीज मिळते; बंधाऱ्याचा खर्च मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणूनच योजनेला योग्य अशा जागा मुळात थोड्या आहेत.

जागा उत्तम असली तरी यंत्रे दिवसभर पूर्ण क्षमतेने चालत नाहीत. फ्रान्समधील रान्स नदीच्या मुखावर १९६६ साली सुरू झालेल्या केंद्राची क्षमता २४० मेगॅवॉट आहे. ते अखंड चालले असते तर वर्षाला सुमारे २१० कोटी युनिट वीज मिळाली असती. प्रत्यक्षात सुमारे ५० कोटी युनिट मिळते. शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. शहराला दिवे लावायचे असतात त्याच वेळी पाणी अनुकूल असेल असे नाही.

सर्वांत मोठी अडचण व्याजाची होय. कोळशाच्या केंद्रात खर्चाचा बराचसा भाग इंधनावर होतो आणि तो वर्षावर्षांत विभागला जातो. भरतीच्या केंद्रात याउलट जवळजवळ सर्व खर्च विजेचे पहिले युनिट मिळण्यापूर्वीच करावा लागतो. बांधकाम चालू असताना उत्पन्न शून्य असते, व्याज मात्र चढत राहते. बंधारा शंभर वर्षे टिकेल हे खरे. परंतु व्याजाचा दर शेकडा १० धरल्यास पन्नास वर्षांनंतर मिळणाऱ्या एका रुपयाचे आजचे मोल एक पैसाही भरत नाही. दीर्घायुष्य हा या योजनांचा मोठा गुण, आणि सावकाराच्या वहीत नेमकी त्यालाच किंमत नसते.

ज्या योजना उभ्या राहिल्या त्यांच्यामागे विशेष परिस्थिती होती. रान्सचे केंद्र सरकारी मालकीच्या वीजसंस्थेने उभारले. तिला दीर्घकाळ थांबणे शक्य होते. दक्षिण कोरियातील सिह्वा येथे समुद्रभिंत १९९४ सालीच बांधून झाली होती. आतील पाणी दूषित झाल्यामुळे समुद्राचे पाणी पुन्हा खेळवणे आवश्यक ठरले आणि त्याच भिंतीत २०११ साली २५४ मेगॅवॉटचे केंद्र सुरू झाले. भिंतीचा खर्च विजेच्या खात्यावर पडला नाही. ब्रिटनमधील स्वान्सी उपसागराच्या ३२० मेगॅवॉटच्या योजनेला असा आधार नव्हता. तिचा खर्च सुमारे १३० कोटी पौंड होता. पवनऊर्जा आणि अणुऊर्जा यांच्या तुलनेत ती महाग ठरल्याने सरकारने २०१८ साली ती नाकारली.

भारतातही हाच अनुभव आला. कच्छच्या आखातातील ५० मेगॅवॉटच्या योजनेचा अंदाजी खर्च ७५० कोटी रुपये, म्हणजे दर मेगॅवॉटला १५ कोटी होता. सुंदरबनातील दुर्गादुआनी खाडीवर ३.७५ मेगॅवॉटसाठी २३८ कोटी, म्हणजे दर मेगॅवॉटला सुमारे ६३ कोटी रुपये लागणार होते. खर्च न परवडल्यामुळे दोन्ही योजना सोडून देण्यात आल्या. लहान योजनेत मेगॅवॉटमागे भार अधिक पडतो, हे या आकड्यांवरून दिसते. सुंदरबनातील बेटांवरच्या गावांना विजेची गरज होती, यात शंका नाही. परंतु तेवढ्याच पैशात अन्य मार्गांनी अधिक घरांत दिवा लागत असेल, तर दाराशी येणाऱ्या भरतीकडे पाठ फिरवणे हाच त्या गावांच्या हिताचा निर्णय ठरतो. बंधारा पूरनियंत्रण, रस्ता किंवा जलशुद्धी यांपैकी आणखी एखादे काम करणार असेल आणि त्या कामाचा वाटा दुसरे कोणी उचलणार असेल, तरच हा हिशेब नव्याने मांडण्यात अर्थ आहे.